खंदक न शिकताच अमेरिकनांनी युद्ध जिंकलं?

पहिल्या महायुद्धावरचा एक मजकूर अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येतो. म्हणणं असं: युरोपच्या फौजा तीन वर्षं खंदकांत कुजत पडल्या होत्या. १९१७ साली अमेरिकन आले, त्यांनी खंदकातली लढाई शिकायला साफ नकार दिला, स्वतःची हत्यारं घेऊन उघड्या मैदानात उतरले, आणि निव्वळ रायफल-संगिनीच्या जोरावर वर्षभरात युद्ध निकालात काढलं. वाचायला झकास आहे. त्यात एक धागा खराही आहे, पण तो भलत्याच ठिकाणी जोडलाय.

आधी ‘शिकायला नकार’ हा मुद्दा घेऊ. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि नव्या भरतीसाठी देशभर ३२ मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. तिथल्या पोरांनी सरावाचे खंदकच खणले. तेही मुद्दाम वाकडेतिकडे, म्हणजे शत्रू एका टोकाने आत घुसला तरी त्याला सरळ रेषेत सगळ्यांना टिपता येऊ नये. पुढे काटेरी तारा, मागे राखीव खंदक, आणि शिकवायला ब्रिटिश व फ्रेंच अधिकारी. हातबॉम्ब, संगीन, गॅस मास्क, सगळं होतं. रायफलींचाच एवढा तुटवडा, की कित्येकांची सुरुवातीची कवायत लाकडी बंदुकांवर झाली.

फ्रान्समध्ये पोचल्यावर पुन्हा शाळा. पहिल्या डिव्हिजनला गाँद्रकूरच्या परिसरात फ्रेंचांच्या डोंगरी पलटणींनी शिकवलं. ऑक्टोबर १९१७ मध्ये एकेका बटालियनला फ्रेंचांच्या हाताखाली, ईशान्य फ्रान्सच्या लोरेनमधल्या शांत समजल्या जाणाऱ्या भागात पाठवायला सुरुवात झाली. शांत म्हणजे किती शांत? २ नोव्हेंबरच्या रात्री १६व्या इन्फंट्रीची (पायदळ रेजिमेंटची) एक तुकडी बातेलेमाँजवळच्या खंदकात शिरली. काही तासांतच जर्मन तोफांनी त्या ठाण्याभोवती तिन्ही बाजूंनी भडिमार केला. मागून मदत येईना, आतल्यांना बाहेर पडता येईना. तेवढ्यात तारांना वाट पाडून जर्मन आत उतरले आणि पाहता पाहता कैदी घेऊन परतलेही. जेम्स ग्रेशम, थॉमस एनराइट आणि मर्ल हे या तीन अमेरिकनांचा जीव गेला. अमेरिकन पायदळाचे खंदकात पडलेले हे पहिले बळी. यानंतर शिकायला कोण नकार देईल?

‘स्वतःची हत्यारं’ हा मुद्दा दोन वाक्यांत उरकतो. तोफा आणि रणगाडे बहुतांश फ्रेंच, हेल्मेट ब्रिटिश धाटणीचं, आणि बहुतेकांच्या हातातली एम-१९१७ रायफलसुद्धा मूळ ब्रिटिश आराखड्यावर बेतलेली. हलकी मशीनगन होती फ्रेंच शोशा. तिच्या मॅगझिनची एक बाजू उघडी, त्यामुळे चिखल थेट काडतुसांपर्यंत जायचा आणि खंदकात चिखलाला काय तोटा!

आता तो खरा धागा. युरोपातल्या अमेरिकन फौजेचे सेनापती पर्शिंग यांना खंदकयुद्धाचा खरोखरच तिटकारा होता. फ्रेंच-ब्रिटिश फार बचावखोर झालेत, आपला शिपाई अचूक नेमबाजी आणि संगिनीवर खंदकांची रेषा फोडून मोकळ्या मैदानात लढेल, असं त्यांचं मत होतं आणि प्रशिक्षणात त्यांनी ते लावूनही धरलं. पण त्याचं फळ काय? २८ मे १९१८ ला २८व्या इन्फंट्रीने काँतिन्यी गाव घेतलं. त्याआधी तशाच जमिनीवर हल्ल्याची रंगीत तालीम झाली होती, फ्रेंच तोफा, रणगाडे आणि ज्वालाफेके दिमतीला होते, आणि किती पुढे जाऊन थांबायचं हेही ठरलेलं होतं. गाव पटकन हाती आलं, प्रतिहल्ल्यांपुढे टिकलंही. नऊ दिवसांनी, ६ जूनला, बेलो वुड या जंगलापाशी अमेरिकन मरीन सैनिक तोफखान्याच्या तुटपुंज्या साथीने गव्हाच्या शेतातून रांगा धरून मशीनगनवर चालून गेले. एका दिवसात १,०८७ मेले किंवा जखमी झाले. शौर्याबद्दल वादच नाही. पण ‘निव्वळ रायफल-संगीन’ म्हणजे काय, ते त्या शेतात दिसलं.

हा मजकूर खोडणारेही कधीकधी उलट टोक गाठतात: ‘कच्ची पोरं तोफेच्या तोंडी दिली.’ तेही पूर्ण खरं नाही. युद्धानंतर खुद्द अमेरिकन लष्कराने काढलेली प्रशिक्षणाची सरासरी अशी: सहा महिने मायदेशी, लढाईआधी दोन महिने परदेशात, आणि एक महिना शांत भागात. आता सरासरीत बरंच काही लपतं. मार्च १९१८ च्या जर्मन चढाईनंतर मित्रराष्ट्रांनी माणसं, माणसं म्हणून धोशा लावला आणि प्रशिक्षणाचं वेळापत्रक कोलमडलं. सप्टेंबरात म्यूज-आर्गोनची लढाई सुरू होताना ७७व्या डिव्हिजनमध्ये भरलेल्या बदली शिपायांत रायफलमध्ये काडतुसांची क्लिप कशी घालायची हे ठाऊक नसलेलेही होते. त्या एका लढाईत २६,००० हून अधिक अमेरिकन मेले.

‘युद्ध निकालात काढलं’ यावर थोडक्यात. १९१८ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे दहा हजार अमेरिकन फ्रान्समध्ये उतरत होते, आणि जर्मनीला त्या आकड्याचीच धास्ती होती. मात्र ८ ऑगस्टला उत्तर फ्रान्समधल्या आमियाँपाशी जर्मनांची फळी फोडली ती मुख्यतः ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांनी. म्हणजे खंदकांत कुजलेल्या त्याच फौजांनी, रणगाडे, विमानं आणि तोफा एकत्र चालवायला शिकून.