तेल मागणारा आमचाही एक आहे
लिहायचं असेल त्याने पिशाच्चांच्या प्रेमात पडणाऱ्या पोरींच्या कादंबऱ्यांत वेळ घालवू नये, असं नव्या लेखकांना सल्ला देणाऱ्या एका लेखात म्हटलंय. मी बेचाळीस वर्षांचा, शहाद्याचा. दिवसा खत-बियाण्याच्या दुकानात बिलं फाडतो, रात्री कथा लिहितो. आणि त्या कादंबऱ्या वाचतोच. लेकीच्या कपाटातून चोरून, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

'ट्वायलाइट' (2005) घ्या. गुळचट आहे, मान्य. पण लेखिका राहायची अ‍ॅरिझोनाच्या उन्हात, आणि ऊन टाळणाऱ्या पात्रांसाठी तिने इंटरनेटवर धो धो पावसाचं गाव शोधलं, फोर्क्स. आधी पात्राची अडचण, मग जागा. हे मला कुठल्या कार्यशाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे जागा आयतीच. धडगावकडच्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा असते. त्याला मरण नाही, कपाळावरची जखम भरत नाही, वाटसरूकडे तेल मागतो. आजी म्हणायची, "त्याले तेल लागस." कंदिलात रॉकेल भरताना मी मागे वळून बघायचो.

त्याच्यावरची माझी कथा एका दिवाळी अंकाकडून परत आली. शेरा एवढाच: मुलांसाठी की मोठ्यांसाठी? राग आला, पण खोट माझीच होती. अश्वत्थामा कीर्तनकारासारखा बोलत होता! आता गोष्ट सोळा वर्षांची पोरगी सांगते. पिशवीत तेलाची बाटली घेऊन ती धडगावच्या एसटीत चढलीय. पुढे महिनाभर अडलोय.