मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे

‘कॅन्सर झालेल्या मुलाला मॉर्फिन देऊ देऊ नका. व्यसन लागते, आणि मॉर्फिन सुरू झाले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मॉर्फिन हे तीव्र दुखणे कमी करणारे औषध आहे, आणि यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली मुलांच्या दीर्घ वेदनांसाठी दिलेल्या सूचनांत सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन आणि मध्यम ते तीव्र दुखण्याला मॉर्फिनसारखे औषध, अशा दोनच पायऱ्या होत्या. आजार कितपत पुढे गेला आहे, यावर कोणते औषध द्यायचे हे ठरत नाही. बऱ्या होणाऱ्या मुलांनाही मॉर्फिन दिले जाते. बरेच दिवस घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते हळूहळू कमी करतात. पण सवय म्हणजे व्यसन नव्हे. देखरेखीखाली, वजनाप्रमाणे मात्रा ठरवली तर व्यसनाचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र बऱ्याचदा होते, त्यावरचे औषध सोबतच मागून घ्यावे.

‘पोर खेळतंय, म्हणजे दुखत नाही’ हेही त्याच मजकुरात आहे. हे तर जास्त घातक. मुले दुखत असतानाही खेळतात, झोपतातही. म्हणूनच हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांच्या चित्रांतून आपल्या दुखण्यासारख्या चेहऱ्यावर बोट ठेवायला सांगून त्यांनाच विचारतात. सुई टोचताना गोष्ट सांगणे, मन दुसरीकडे वळवणे यांचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे; पण ती औषधाची जोड आहे, बदली नाही.