अक्षता सावकाश पडाव्यात म्हणून

आमच्याकडे लग्न ठरलं की भटजी, केटरर आणि मी असे तिघे बुक होतो. पैसे पहिल्या दोघांना मिळतात.

मोठ्या भाचीचं लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड घरी पोचलं, आणि मग ताई म्हणाली, "अक्षता पडतात ना, तेवढं स्लो मोशन कर हं. सिनेमातल्यासारखं."

कर हं! माझ्या कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम्स. त्या चौपट ताणल्या की एकेक चित्र चारदा दिसतं आणि अक्षता हप्त्याहप्त्याने खाली येतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मधली चित्रं कॉम्प्युटर मनानेच रचून देतो म्हणे. पण कुठला दाणा कुठे गेला हे त्याला काय कळणार? त्याने नवरीच्या डोक्यावर साबुदाण्याची खीर ओतली.

स्लो मोशन आधी ठरवावं लागतं. टिपायचं भराभर, दाखवायचं सावकाश. ही शक्कल ऑस्ट्रियातल्या ऑगस्ट मुस्गर यांची, पेटंट 1904 सालचं. गृहस्थ पेशाने धर्मगुरू. म्हणजे तिकडेही कारभार भटजींकडेच.

धाकटीच्या वेळी मी 240 फ्रेम्सचा कॅमेरा भाड्याने आणला आणि सीमांतपूजनालाच चाचणी घेतली. एवढ्या वेगात एकेका फ्रेमच्या वाट्याला उजेड येतो चिमूटभर, म्हणून हॉलवाल्याला लाइट वाढवायला सांगितलं. त्याने उत्साहाने जुन्या चोकच्या सगळ्या ट्यूब लावल्या. आपली वीज 50 हर्ट्झची. अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना पत्ता नसतो, पण कॅमेरा सोडत नाही. पडद्यावर नवरदेव सेकंदाला दहादा उजळत होता आणि विझत होता. ताईने काळजीने विचारलं, "तब्येत बरी आहे ना त्यांची?"

नशिबाने मुहूर्त भर दुपारचा. ट्यूब बंद, पडदे बाजूला, खिडकीतून रणरणतं ऊन. भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि एका सेकंदाचे जवळजवळ दहा सेकंद झाले. काय दृश्य होतं! कुंकवाने लाल झालेला एकेक दाणा सुटा, गिरक्या घेत उतरणारा. एक नवरदेवाच्या चष्म्यावर टपकून पुन्हा वर उडाला. मागे व्याह्यांची जांभई सावकाश उमलली. ती मिटायच्या आत क्लिप संपली.

ताईने डोळे बारीक करून पाहिलं.

"थांब, मागे घे. ती निळ्या पैठणीतली कोण रे? अक्षता टाकल्याच नाहीत तिने. मूठ बघ, मूठ!"

आता तेवढी मूठ मोठी करून हवी आहे.