शकुंतला कशी राहिली?

प्रेमकथांवरच्या संगीताचा तुमचा लेख झकास. रोमिओ-ज्युलिएट, ट्रिस्टन-इझोल्ड अशा प्रेमी जोड्यांवरच्या पाश्चात्त्य अभिजात संगीतरचनांची यादी दिलीत, पण शकुंतला कशी राहिली? व्हिएन्नातल्या गोल्डमार्क या संगीतकाराने १८६५ साली तिच्यावर ओव्हर्चर (वाद्यवृंदासाठीची रचना) लिहिलंय. आपल्याकडे किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं १८८० मध्ये. गंमत बघा, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने आपल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या वाद्यवृंदाच्या रचनेवर शेवटचा हात फिरवला तोही १८८० मध्येच! त्यातली प्रेमाची धून पहिल्यांदा येते ती इंग्लिश हॉर्न (ओबोसारखं फुंकवाद्य) आणि व्हायोलांवर (व्हायोलिनहून थोडं मोठं तंतुवाद्य), दबक्या आवाजात. पुढे तीच बासरी-ओबोवर गेली की खाली हॉर्न हे पितळी वाद्य दोन-दोन सुरांचे उसासे टाकत राहतं. तेवढ्यासाठी तरी घरी शांतपणे ऐका. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये व्हायोला गेल्याच कामातून. दुसरा रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह, त्याने तर आधी आपल्या 'रोमिओ-ज्युलिएट' बॅलेचा शेवटच गोड केला होता, मेलेली माणसं नाचणार कशी म्हणून! (नंतर बदलला, बरं झालं.) ट्रिस्टन-इझोल्डवर ऑपेरा लिहिणारा वॅग्नर मात्र मला झेपत नाही, चार तास बसायचं म्हणजे कठीणच. गडकरी रंगायतनला कुणी एका संध्याकाळी गोल्डमार्क आणि शाकुंतलातली पदं एकत्र ऐकवणार असेल, तर तिकिटाच्या रांगेत मी पहिला.

– एक ठाणेकर