रवा, मेण आणि शिसं

जुनी बंदूक विकत घेणं फार सोपं आहे. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते, म्हणजे केंद्र सरकारच्या लेखी ती बंदूकच नव्हे. डीलर नाही, फॉर्म नाही, चौकशी नाही. (राज्याराज्यांचे नियम निराळे, पण आमचं ओहायो या बाबतीत मोकळंढाकळं आहे.) त्यामुळे कुरिअरवाल्याने एक लांबलचक खोकं आमच्या पायरीवर टेकवलं आणि बेल न वाजवता तो पसार झाला. हिला वाटलं, पडद्यांचे रॉड आले. तिने हौसेने खोकं फोडलं. पडदे अजून लागायचेत.

आतून निघाली मार्टिनी-हेन्री. ब्रिटिश फौजेने १८७१ साली स्वीकारलेली, वजन चार किलोच्या आसपास. खालचा लिव्हर पुढे ढकलला की वरचा ठोकळा खाली जातो, एक काडतूस सरकवायचं, लिव्हर मागे, चाप ओढायचा. मॅगझिन वगैरे भानगड नाही. एका वेळी एक. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धात १८७९च्या जानेवारीत इसांडलवानाला आणि रोर्क्स ड्रिफ्टला गोऱ्या शिपायांच्या हातात हीच होती. माझी मात्र कुठे लढली असेल असं वाटत नाही. एनफील्डच्या कारखान्यात १८८४ साली ती जन्मली आणि पुढे नेपाळला जाऊन काठमांडूच्या लगन सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, झोपली. तिथे अशा बंदुकांच्या राशी एकावर एक रचलेल्या होत्या. २००३च्या सुमाराला तो सगळा ढीग अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला आणि एकेक बंदूक धुळीसकट विकायला काढली. माझ्या बंदुकीवरचं ग्रीस इतकं घट्ट झालं होतं की ते पुसावं लागत नव्हतं, खरवडावं लागत होतं.

एका बाजूला राणीचा मुकुट आणि ‘एनफील्ड’, दुसऱ्या बाजूला ठसठशीत देवनागरी आकडे. नेमबाजीच्या रेंजवरच्या गोऱ्या मंडळींना हा तिबेटी मंत्र वाटतो. मी तो न अडखळता वाचून दाखवला तेव्हापासून तिथे माझं नाव झालं आहे. दोन जण आपापल्या नेपाळी बंदुका घेऊन ‘हे काय लिहिलंय सांगा’ म्हणून आले. दोघांनाही आकडेच निघाले. एकाचा चेहरा पडला, म्हणून त्याला म्हटलं, हा शुभ आकडा आहे.

तर बंदूक आली. आता काडतुसं.

गावातल्या एका मोठ्या दुकानात जाऊन काउंटरवरच्या पोराला म्हटलं, “पाचशे सत्याहत्तर-साडेचारशे आहेत का?” त्याने कॉम्प्युटरवर ते टाइप केलं, मग मान वर करून अदबीने विचारलं, “सर, हा पार्ट कुठल्या गाडीचा?”

त्याचीही चूक नाही. ब्रिटिश फौजेने १८८८ साली ली-मेटफर्ड घेतली तेव्हाच या काडतुसाची सद्दी संपायला लागली. आपल्याकडे मात्र तेव्हा कुठे ती सुरू व्हायची होती. १८५७ नंतर इंग्रजांनी धोरणच ठेवलं होतं की हिंदी पलटणीच्या हातात गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची. गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा आपल्याकडे स्नायडर. त्यांच्याकडे ली-मेटफर्ड आल्यावर मार्टिन्या आपल्या वाट्याला. सेकंडहँड सामान घेऊन त्याचे सुटे भाग शोधत फिरणं हे आपल्या रक्तातच आहे, असं मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या माहेरी कुणाच्या रक्तात नाही.”

तयार काडतुसं करणारे काही छोटे कारखानदार आहेत. पण एका काडतुसाच्या किमतीत बाहेर एकाचं जेवण होतं, आणि जेवण निदान दीड सेकंदात संपत नाही. म्हणून शहाणी माणसं काडतुसं घरी बनवतात. मी शहाण्यांच्या मागोमाग तळघरात उतरलो.

आधी नळी मोजायची. काडतुसाच्या नावात .४५० आहे, म्हणून गोळी .४५० इंचाची असेल असं कुणालाही वाटेल. तशी ती होतीही, पण तेव्हा तिच्याभोवती कागद गुंडाळलेला असायचा. कागदाविना घालायची तर नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या मापाची हवी. मऊ शिशाची गोळी नळीत ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकाला काढायची आणि तिच्यावर उमटलेल्या खाचा मायक्रोमीटरने मोजायच्या. यात खाचा आखणाऱ्या हेन्रीसाहेबांनी एक मेख मारून ठेवली आहे. त्यांच्या नळीत खाचा सात. सात विषम, त्यामुळे खाचेच्या समोर खाच येतच नाही; मायक्रोमीटरची एक दाढ उंचवट्यावर बसते नि दुसरी खळग्यावर. तासभर गोल गोल फिरवून शेवटी .४६६ निघालं. त्या मापाचा साचा खास बनवून घ्यावा लागला. साचेवाल्याने पैसे आधी घेतले आणि साचा पुढच्या ऋतूत पाठवला.

मग पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. जुन्या स्नायडरची .५७७ची पुंगळी लांब करून तिची मान .४५०ला आवळली, असं हे मूळ काडतूस. पहिल्या आवृत्तीत तर ती धड पुंगळीही नव्हती, पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी आणि खाली लोखंडी बूड. नळी तापली, दारूची काजळी साचली की गुंडाळी आत चिकटायची आणि बूड तेवढं उपटून हातात यायचं. १८८५ साली सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन मोक्याला असं झालं, तेव्हा कुठे सरकारला सबंध ओढीव पितळेची पुंगळी सुचली. आज आम्ही मंडळी ती ब्राझीलच्या पितळी पुंगळीपासून करतो. ती तिकडे २४ गेजच्या शॉटगनसाठी बनते. तिचं तोंड आधी तापवून मऊ करायचं, बाहेरून वंगण लावायचं, प्रेसमध्ये घालून एकामागून एक डायमधून हळूहळू दाबायचं, मान आवळत न्यायची आणि उरलेलं वर कापून टाकायचं. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते ती ड्रिल लावल्याशिवाय निघत नाही. वंगण जास्त झालं तर ते खांद्यापाशी साचतं नि पुंगळीला पोचे पडतात. हात घाईचा असेल तर मानेवर मोदकासारख्या कळ्या पडतात, आणि मोदक बिघडला तर निदान खाता येतो.

एवढं करून पुंगळी तयार झाली की तिच्यात ८५ ग्रेन काळी दारू, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम. ती भरल्यावर आत बरीच जागा मोकळी राहते. मोकळी जागा काळ्या दारूला अजिबात चालत नाही. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगायची भीती. ती जागा कशाने तरी भरायला हवी. इंग्लंडातले बंदूकवाले यासाठी सेमोलिना वापरतात, अमेरिकेतले क्रीम ऑफ व्हीट. दोन्ही नावं ऐकून मी गंभीरपणे मान डोलावली, घरी आलो, फळीवरचा डबा काढला आणि पाहिलं. रवा. बारीक रवा!

पहिले काही दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका रविवारी उपम्याला रवा पुरेना.

“परवा तर आख्खी पिशवी आणली होती,” ही म्हणाली.

“थोडा लागला.”

“कशाला लागला? केलं काय तू?” (एरवी ‘अहो’ असतं. ‘तू’ आलं की प्रकरण पुढे गेलेलं असतं.)

“बंदुकीत भरला.”

यावर तिने काहीही न बोलता पोहे भिजवले.

खरा पेच वंगणाचा. काळी दारू जळल्यावर नळीत कडक काजळी धरते. ती मऊ राहावी म्हणून गोळीला आणि तिच्यामागच्या चकतीला चरबटपणा लागतो. सगळ्या जुन्या पाककृतींत मधमाशांचं मेण आणि टॅलो, म्हणजे चरबी. बहुधा गाईची. आमच्या घरात आईला फ्रीजमधल्या अंड्यांचा कप्पाही वेगळा लागतो. १८५७च्या जानेवारीत दमदमला काडतुसाच्या चरबीवरून कुजबुज सुरू झाली आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठले, हे शाळेत शंभरदा वाचलेलं. पण तळघरात उभं राहून, हातात चरबीचा डबा धरून, वरून आईची चप्पल वाजताना ऐकल्यावर ते धडे जितके समजतात तितके परीक्षेतही समजले नव्हते. तेव्हाच्या सरकारनेही नंतर हुकूम काढला होता की शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण आपणच लावावं. उशिरा सुचलेलं असलं तरी शहाणपणच ते. मी तोच हुकूम स्वतःला लागू केला. मेण आणि खोबरेल. उन्हाळ्यात जरा पातळ होतं, पण घरात बंड नाही.

आईचा बंदुकीला विरोध नव्हता. तिचा आक्षेप वेगळाच. “घरात शस्त्र आहे आणि खंडेनवमीला तू त्याची पूजा नाही केलीस?” गेल्या नवरात्रात ती इथे होती, तेव्हा तिने तळघरात पाट मांडला. झेंडू मिळाला नाही म्हणून शेजारच्या अंगणातली पिवळी फुलं मागून आणली. मार्टिनी पाटावर आडवी, शेजारी पुंगळ्यांचा प्रेस, मायक्रोमीटर आणि शिशाचा साचा. आईने कुंकवाचं बोट नळीकडे नेलं आणि मी किंचाळलो. ओलं कुंकू त्या जुन्या पोलादावर बसलं की खालून गंज आलाच. तह असा झाला की कुंकू दस्त्याच्या लाकडाला, अक्षता लांबून. नैवेद्याला शिरा होता. रव्याकडे बघून हिने माझ्याकडे बघितलं.

आणि ज्यासाठी हे सगळं, ते गोळी झाडणं. शनिवारी सकाळी रेंजवर जायचं. शेजारच्या टेबलावरचा विशीतला मुलगा एआर-१५मधून तीस गोळ्या झाडून मोकळा होतो, तोवर मी एक काडतूस पुसून चेंबरमध्ये सरकवलेलं असतं. त्याची गोळी ५५ ग्रेनची, माझी ४८०. चाप ओढला की ठो असा आवाज येत नाही, दणका येतो. खांदा मागे जातो आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते. गोळी निशाणाला लागली की नाही हे वारा येईपर्यंत कळत नाही. वारा नसेल तर सगळी रेंज आदराने थांबते. खोकत. मग लिव्हर ढकलायचा, पुंगळी मागे उडते, आणि मी गुडघ्यांवर बसून ती टेबलाखाली शोधतो. त्या मुलाच्या तीस पुंगळ्या जमिनीवर लोळत असतात, तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझी एक हरवली तर ब्राझीलपासून पुन्हा सुरुवात.

“किती वेळ लागतो हो एक बनवायला?” त्याने एकदा विचारलं. मी खरं उत्तर दिलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली.

घरी आल्यावर विश्रांती नाही. काळ्या दारूची राख ओल धरते, सकाळपर्यंत नळी गंजते. म्हणून त्याच संध्याकाळी पातेलंभर उकळतं पाणी, साबण आणि गज. पाणी पडलं की गंधकाचा जो दर्प सुटतो तो नासक्या अंड्यांचा. शाकाहारी घरात तो लपवता येत नाही. पुंगळ्याही धुवायच्या, वाळवायच्या, पुढच्या वेळेसाठी मोजून ठेवायच्या. हिने आता रव्याचे दोन डबे केले आहेत, एकावर ‘घर’ आणि दुसऱ्यावर ‘रणांगण’ अशी चिठ्ठी. दुसऱ्या डब्याचा खर्च माझ्या खात्यातून जातो.

परवा रेंजवर एका वयस्कर गृहस्थांनी त्यांची स्विस व्हेटर्ली मला विकायला काढली. १८६९ची, १०.४ मिलिमीटरची, कडेलगत आघात होणारी रिमफायर. म्हणजे झाडलेली पुंगळी पुन्हा भरताच येत नाही; आधी बोल्टच बदलून घ्यावा लागतो, मग दुसऱ्याच कुठल्या तरी काडतुसाची पुंगळी कापून तासून त्या मापात आणायची. किंमत फारच वाजवी होती. घरी फोन केला. मी सगळं नीट सांगितलं, इतिहास, यंत्रणा, बोल्टाचा खर्चसुद्धा. पलीकडे थोडा वेळ मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

“एवढंच सांगा,” ही म्हणाली, “हिला रवा लागतो की मैदा?”