४८ हजारांचा दाखला आणि निगेटिव्ह इन्कम टॅक्स

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला. दोन ग्रुप यंत्रमागवाल्यांचे, एक शाळेतल्या वर्गमित्रांचा, एक सोसायटीचा आणि पाचवा, काय सांगू, आम्हा कर सल्लागारांचाच. मजकूर थोडक्यात असा: 'सगळ्या योजना बंद करा, निगेटिव्ह इन्कम टॅक्स आणा. ठरलेल्या रेषेच्या वर कमाई असेल त्यानं कर भरायचा, खाली असेल त्याच्या खात्यात सरकारनं पैसे टाकायचे. अमेरिकेत हे कधीपासून चालू आहे. ऑफिस नाही, दलाल नाही, भ्रष्टाचार शून्य. फक्त नियम करा, पैसे नागरिकांनाच, नाहीतर बांगलादेशी आणि नेपाळी सगळं खाऊन जातील.' खाली तिरंगा आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

मला ही कल्पना आवडते, म्हणूनच मेसेज वाचून जास्त चिडचिड झाली.

अमेरिकेचं आधी उरकतो. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली. १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तिच्याशी मिळतीजुळती योजना आणली. ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली आणि सेनेटमध्ये अडकली ती कायमची. १९६८ पासून न्यू जर्सी, गॅरी, सिएटल, डेन्व्हर इथे काही हजार कुटुंबांवर प्रयोग झाले, पण ते प्रयोगच राहिले. आज तिकडे चालू आहे ती १९७५ पासूनची वेगळी सवलत. काम करून थोडं कमावणाऱ्याला कर खातं उलट पैसे देतं. ज्याची कमाई शून्य, त्याला शून्यच.

आता 'ऑफिस नाही, दलाल नाही'.

माझं ऑफिस सोलापूरच्या पूर्व भागात आहे. गिऱ्हाइकं म्हणजे टॉवेल-चादरीचे छोटे कारखानदार, दोन-चार किराणावाले, एक मेसवाला. मागच्या वर्षी आठ लूमवाला एक जण प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला. त्यात मुलाच्या फीसवलतीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला होता, वार्षिक ४८ हजारांचा. त्याखाली बँकेच्या कर्जासाठी मीच भरलेलं रिटर्न होतं, साडेपाच लाखांचं. दोन्ही कागदांच्या तारखांत तीन आठवड्यांचं अंतर. ४८ हजार म्हणजे महिन्याला चार हजार, एवढ्यात त्याच्या लूमचं लाईट बिलही भागत नाही. मी नुसतं बघितलं, तर म्हणाला, "सगळेच असंच करतेत की सर. दाखल्यात कमी, बँकेत जास्त." माणूस सज्जन आहे, माझी फी कधी बुडवत नाही. परवा हाच मेसेज वाचून त्याचा फोन आला: "सर, ते आलं तर रिटर्न कितीचं टाकायचं?"

मेसेजवाल्यांना जे सुचलं नाही ते त्याला एका मिनिटात सुचलं. पैसे वाटणारी खिडकी बंद होईल, पण कमाई किती हे सांगणारा कागद कुठे बंद होणार? उलट सगळा डोलारा त्याच कागदावर उभा राहणार. हिशेब करून बघा. रेषा १,८०,००० रुपयांची धरा आणि दर ५० टक्के. १,२०,००० कमावणाऱ्याला रेषेपर्यंतच्या फरकाच्या निम्मे, म्हणजे ३०,००० मिळतील. त्यानं कमाई ६०,००० दाखवली तर ६०,००० मिळतील. लपवलेल्या प्रत्येक रुपयामागे आठ आणे.

इथे त्या कल्पनेच्या बाजूनंही एक सांगायला हवं. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाची मर्यादा अडीच लाखांची आहे. एक रुपया वर गेला की वर्षाचे १८,००० गेले. अशा कड्यावर उभ्या माणसाला दाखल्यासाठी एजंटाच्या हातावर पाचशे ठेवताना काहीच वाटत नाही. निगेटिव्ह इन्कम टॅक्समध्ये कडा नसतो, उतार असतो, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. (मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.) पण उतार आला की मोहही पसरतो. आज कड्याजवळचे लोक आकडा फिरवतात, उद्या रेषेखालच्या प्रत्येकाला थोडं थोडं लपवणं परवडेल.

पगारदाराला लपवता येत नाही, त्याचा पगार कंपनीच कळवते. पण आपल्याकडे अर्ध्याहून जास्त कामकरी स्वतःचं काहीतरी करणारे. सुमारे १४० कोटींच्या देशात २०२४ मध्ये ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत रिटर्न आली ७.२८ कोटी. बाकीच्यांची कमाई कोण मोजणार? आमच्याकडची बिडी कामगार बाई घरी बसून विड्या वळते. कार्ड एकीच्या नावावर असतं, वळणारे हात सासूचे, सुनेचे आणि शाळेतून आलेल्या मुलीचेही. त्यातली कमाई कोणाची, हे घरातल्यांनाही सांगता येणार नाही. मग कोणीतरी 'तपासून' सांगणार, आणि तो कोणीतरी म्हणजेच ऑफिस. अमेरिकेतही हेच दिसलं. गॅरीच्या प्रयोगात कुटुंबांनी कमाई कमी कळवल्याचं नंतर आढळलं. आजच्या सवलतीत स्वतःचा धंदा असणाऱ्यांची गर्दी बरोबर त्या आकड्यावर होते, जिथे जास्तीत जास्त रक्कम पदरात पडते. नोकरदारांत तशी गर्दी दिसत नाही.

'थेट खात्यात' हेही उत्तर नव्हे. लाडकी बहीणचे पैसे थेट खात्यातच जातात. तरी जुलै २०२५ मध्ये सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनंच सांगितलं, आणि त्यात काही ठिकाणी चक्क पुरुषांचे अर्ज निघाले. पीएम-किसानचे पैसेही थेटच जातात. ४२ लाखांवर अपात्रांना जवळपास ३ हजार कोटी गेल्याचं २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं.

राहिला परदेशी माणूस. मेसेजमधली भीती अगदीच हवेतली नाही, पण ती भलत्या माणसाबद्दल आहे. आयकर नागरिकत्व बघत नाही, राहण्याचे दिवस मोजतो. वर्षात १८२ दिवस इथे राहिला की जर्मन इंजिनिअरही 'निवासी', आणि दुबईला कामाला गेलेला आपला सोलापूरचा पोरगा 'अनिवासी'. पॅन परदेशी माणसालाही मिळतं, त्यासाठी वेगळा फॉर्मच आहे. आधारही रहिवाशाला मिळतं, आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय. आज १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूटही 'निवासी' व्यक्तीला आहे, नागरिकाला नाही. त्यावर कोणी मेसेज पाठवत नाही. तेव्हा निगेटिव्ह इन्कम टॅक्स आजच्या कायद्याला जसाच्या तसा जोडला, तर घरून पैसे येणारा, इथे कमाई नसलेला परदेशी विद्यार्थी कागदावर सर्वांत गरीब ठरेल. हे भोक बुजवायला हवं, आणि कायद्यात ते बुजवता येतं: अमुक वर्षं राहिला, अमुक वर्षं रिटर्न भरलं, तरच हक्क. अमेरिकेनं १९९६ पासून त्या सवलतीसाठी कामाला वैध असलेला सोशल सिक्युरिटी क्रमांक सक्तीचा केला. म्हणजे परवाना नसलेला बाहेर, आणि रीतसर कामाला आलेला परदेशी माणूस आत. नेपाळी माणूस तर १९५० च्या करारानुसार इथे राहतो, कामधंदा करतो. चोरून आलेला नाही.

'पैसे नागरिकांनाच' हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण ते सिद्ध कोण करणार? १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेल्याला जन्माचा पुरावा पुरतो. नंतर जन्मलेल्याला आईबापांचंही दाखवावं लागतं. आसाममध्ये असा हिशेब झाला तेव्हा नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. मालेगावात बाहेरच्यांना जन्मदाखले दिल्याच्या तक्रारींनंतर २०२५ च्या सुरुवातीला आपल्या राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदणीचे दाखले देणं थांबवलं. संशय दाखला विकल्याचा होता, आणि ज्यांना तो खरोखर हवा होता तेही थांबले. बाहेरच्याला अडवायला जितके कागद वाढवाल, तितकी दलालाची दुकानं वाढतील. मेसेज एका ओळीत भ्रष्टाचार शून्य करतो आणि पुढच्याच ओळीत त्याला नवीन काउंटर उघडून देतो.

आणि अडकेल कोण? सोलापूरच्या मागांवर तेलंगणातून आलेले विणकर पिढ्यानपिढ्या बसलेत. त्यांचे पणजोबा आले तेव्हा तो मुलूख निजामाचा होता. अक्कलकोटसुद्धा वेगळं संस्थान होतं. त्या काळी हा मेसेज असता तर त्यांना काय म्हटलं असतं?

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या वसाहतीतली एक बिडी कामगार बाई माझ्याकडे येते, पंचेचाळिशीची. रेशन कार्डावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बिडीच्या कार्डावर नुसतं घरात हाक मारायचं नाव. तेलुगू पद्धतीनं आडनाव आधी, म्हणून एका कागदावर आडनावच नाव झालंय. जन्म घरीच झालेला, नोंद नाही. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही. तिन्ही नावं जुळवून द्यायचे एजंटानं दोन हजार सांगितले. रोज हजार विड्या वळल्या तरी ते तिचं आठ-दहा दिवसांचं काम. आणि हा भाव नुसत्या नावाचा, नागरिकत्वाचा अजून कोणी सांगितलेला नाही.