पळोवयाचं बटण

गोव्यात डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यात मी स्टोअर आणि खरेदी बघतो. बघतो म्हणजे सह्या करतो. बावीस वर्षं. सुरुवातीला माझ्या सहीत आडनाव वाचता यायचं, मग नुसतं आद्याक्षर राहिलं, आता एक लाट आणि लाटेखाली ठिपका एवढंच उरलंय. बँकेत ती जुळत नाही. कारखान्यात मात्र त्या लाटेशिवाय साधी केरसुणीही आत येत नाही, याचा मला गेल्या वर्षापर्यंत अभिमान होता.

गेल्या वर्षी पात्रांवांचा धाकटा मुलगा बंगळुरूची नोकरी सोडून घरी आला. (पात्रांव म्हणजे मालक. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पण हा शब्द आणि काजू इथेच ठेवून गेले.) आल्या आल्या त्याने कारखाना पाहिला, माझी सात रजिस्टरं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, आपण ईआरपी घालूया." (ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एकाच ठिकाणी ठेवणारी संगणकाची सिस्टिम.) पात्रांवांना वाटलं, काजूच्या झाडांना घालायचं एखादं खत असेल. ते म्हणाले, "पळोवया."

पळोवया म्हणजे कोंकणीत बघूया. पण मराठीतल्या 'बघूया'त फार तर टाळाटाळ असते. आमच्या पात्रांवांच्या पळोवयात होकार असतो, नकार असतो, 'आत्ता नको' असतं, 'तू करून टाक, मला सांगू नकोस' असतं, आणि 'तुझं काय चाललंय ते मला कळतंय' हेही असतं. त्यातलं कुठलं, ते चष्मा नाकावर आहे की कपाळावर यावरून ओळखायचं. त्या दिवशी चष्मा कपाळावर होता. म्हणजे हो.

पुण्याहून सल्लागार आला. माझ्या नोकरीहून फार तर चार वर्षांनी मोठा मुलगा. चहात साखर नको म्हणाला तेव्हाच मी ओळखलं, हा काहीतरी कमी करायला आलाय.

"काका, समजा तुम्हाला पॅकिंगचे खोके घ्यायचे आहेत. तर काय काय होतं?"

"घेतो."

"नाही, घेण्याआधी?"

"आधी संपतात."

त्याने लॅपटॉप मिटला आणि खुर्ची जवळ ओढली. पुढचे तीन दिवस मी त्याला खोका कसा येतो ते सांगत होतो. ज्या खोलीत आम्ही काजूची सँपलं आणि चतुर्थीचं मखर ठेवतो, तिथल्या भिंतीवर त्याने तपकिरी कागद ताणला आणि माझ्या प्रत्येक वाक्याची एक पिवळी चिठ्ठी करून त्यावर डकवली. जिथे काही ठरवायचं असतं तिथे चौकोन तिरपा करायचा, शंकरपाळ्यासारखा. 'पॅकिंगवाली मावशी ओरडते' ही पहिली चिठ्ठी. 'टेम्पोवाल्याला चहा' ही शेवटची. एकूण सत्तावीस. आपण एका खोक्यासाठी एवढं करतो हे मला ठाऊक नव्हतं. छाती जराशी फुगली.

चौथ्या दिवशी त्याने पडद्यावर फोर्ड दाखवली. गाडी नव्हे, कंपनीचं देणी खातं. मायकेल हॅमर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९९० साली लिहिलेली ही गोष्ट त्या लोकांच्यात सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी खात्यात पाचशेहून जास्त माणसं. काम काय, तर तीन कागद जुळवायचे: आपली ऑर्डर, माल आल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल. जुळले की पैसे द्यायचे. सगळा जन्म न जुळणाऱ्या कागदांपायी जायचा. मग कुणीतरी माझदा कंपनीत डोकावून आलं, तर तिथे हेच काम पाच माणसं करत होती. फोर्डने मग बिल हा प्रकारच काढून टाकला. ऑर्डर संगणकात. माल दारात आला की तिथल्याच माणसाने संगणकात बघायचं. ऑर्डर सापडली तर माल आत घ्या, पैसे आपोआप निघतील. नाही सापडली तर गाडी दारातूनच परत. माणसं तीन चतुर्थांश कमी झाली. कथेचा इत्यर्थ असा की जुना गोंधळ जसाच्या तसा संगणकात घालू नये, आधी तो मोडावा.

"आपल्या देणी खात्यात किती जण आहेत, काका?"

"मी. आणि दुपारनंतर अकाउंट्सच्या वहिनी."

म्हणजे आम्ही माझदाच्याही पुढे होतो, पण ते कुणी पडद्यावर दाखवलं नाही. मी मनात हिशेब करत बसलो, दीड माणसातून तीन चतुर्थांश काढले तर राहतं काय. बहुतेक माझा उजवा हात. सहीचा.

त्याच संध्याकाळी पावसात वीज गेली. परत आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि पंखा पाचवर होता. सत्तावीसच्या सत्तावीस चिठ्ठ्या खाली. सकाळी केर काढणाऱ्या पोराने बिचाऱ्याने त्या गोळा करून, आपल्याला बोलणी बसतील म्हणून, दिसतील तशा परत डकवल्या. सल्लागार आला तो कागदासमोर उभाच राहिला. बोट फिरवत पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत गेला. पुन्हा गेला.

"काका, हे कुणी केलं? हे फार छान झालंय."

एकोणीस चिठ्ठ्या होत्या. मावशी ओरडत होती, खोका येत होता, पैसे जात होते, टेम्पोवाल्याला चहा मिळत होता. कुठेच काही अडत नव्हतं. उरलेल्या आठ चिठ्ठ्या कपाटाखाली गेल्या होत्या आणि त्यातल्या पाच म्हणजे माझ्या सह्या होत्या. त्या मी वाकून केरसुणीने बाहेर काढल्या. त्या केरसुणीच्या खरेदीवरही माझीच सही होती.

सल्लागार पोरगा मात्र सज्जन. चिठ्ठ्या हातात घेऊन, आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, "काका, या सहीच्या वेळी तुम्ही नक्की काय तपासता?"

"मागची सही आहे की नाही ते."

"आणि मागचा माणूस?"

"तो, पुढे माझी होणारच आहे म्हणून करतो."

पाचातली एक सही त्याने राहू दिली. मला वाटतं, ती दयेपोटी.

मग वस्तूंची यादी करायचं काम निघालं, तिला ते 'मास्टर' म्हणतात. खोके बंद करायची तपकिरी पट्टी आमच्याकडे टेप, सेलोटेप, चिकटपट्टी, ब्राऊन टेप, दोन इंची, पॅकिंगची टेप आणि 'ती' अशा सात नावांनी नांदत होती, आणि सातही रजिस्टरांत तिचा शिल्लक साठा वेगवेगळा. सर्वांत मोठा खप मात्र 'इतर' या वस्तूचा निघाला. 'इतर'मध्ये फिनेल, हार, गुरुवारचे पेढे, कुलपाच्या हरवलेल्या किल्ल्या आणि चतुर्थीची फोगोटी (म्हणजे फटाके) एवढं सगळं बसत होतं. सल्लागार म्हणाला, एका पेटीला काय काय आणि किती लागतं त्याची पक्की यादी द्या. मी म्हटलं, म्हणजे माटोळी. त्याला माटोळी माहीत नव्हती. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे शिपटे, आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, नारळ बांधतात. आमची आई दर वर्षी ती यादी तोंडपाठ म्हणायची, एकही वस्तू दोनदा नाही, एकही राहिलेली नाही, आणि 'इतर' असं काही नाहीच. पोराने हे वहीत लिहून घेतलं. तिला मास्टर डेटाची नोकरी दिली असती त्याने.

काजूने मात्र त्याला घाम फोडला. एप्रिलात आम्ही ओल्या बिया घेतो आणि उन्हात वाळवतो. ओल उडते, वजन घटतं. सिस्टिमला हे सहन होईना. सोमवारी एवढं वजन आत आलं, गुरुवारी कमी भरतंय, मधला माल गेला कुठे? लाल अक्षरांत तफावत. "काका, याचं कारण काय टाकू?" मी आभाळाकडे बोट केलं. त्याने कारणांच्या यादीत 'चोरी', 'गळती', 'मोजणीतली चूक' असे पर्याय ठेवले होते, सूर्य नव्हता. पुढे आणखी आक्रित. ऐंशी किलोच्या पोत्यातून गर निघतो वीस-बावीस किलो, बाकी टरफल आणि साल. संगणकाच्या दृष्टीने आम्ही रोज पाऊण कारखाना हरवत होतो.

आणि ग्रेडिंग. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त दोनशे चाळीस अख्खे गर, डब्ल्यू-३२० म्हणजे तीनशे वीस; आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. बी ब्राझीलची, आणली पोर्तुगिजांनी, मोजतात इंग्रजांच्या पौंडात, निवडतात आमच्या सत्तरी तालुक्यातल्या मावश्या. टेबलावर गरांचा ढीग, आणि त्यावरून बोटं अशी फिरतात की पेटीवर भजन चाललंय असं वाटावं. सल्लागार तिथे तासभर बसला. त्याला शंकरपाळ्यात लिहायचा प्रश्न हवा होता.

"मावशी, हा दोनशे चाळीस आणि हा तीनशे वीस, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

मावशी थांबली नाही. "हाताक कळटा," म्हणाली.

त्याने तिने निवडलेला पौंडभर माल मोजला. दोनशे चौतीस भरले. तो शंकरपाळा आजही भिंतीवर आहे आणि त्यात एकच शब्द आहे: 'हात'.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सिस्टिम सुरू झाली. नारळ फोडला, सर्व्हरला कुंकू लावलं. आता मोठ्या खरेदीची ऑर्डर पात्रांवांच्या मोबाइलवर जायची आणि तिथे दोन बटणं यायची. हिरवं, मंजूर. लाल, नामंजूर. पात्रांवांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"आणि पळोवयाचं बटण कुठंय?"

नव्हतं. म्हणून त्यांनी कुठलंच दाबलं नाही.

गुरुवारी रात्री साडेआठला बेळगावहून खोक्यांचा टेम्पो आला. चोर्ला घाटातून, धो धो पावसात, पुढचं दिसत नाही म्हणून दीड तास थांबत. गेटवरच्या वॉचमनला नवीन टॅब दिला होता. त्याने ऑर्डर शोधली; ती दिसत होती, पण 'मंजुरीच्या प्रतीक्षेत'. अशा वेळी टॅबवर गेटचं बटणच उमटत नाही. फोर्डमध्ये काय करतात ते मला पाठ होतं: गाडी दारातूनच परत. पण फोर्डच्या दारात चोर्ला घाट नव्हता.

"काय ओ साहेब, खोके भिजालेत की! ई-वे बिल पण आज रात्री बाराला संपतंय," टेम्पोवाला ताडपत्री धरून ओरडत होता. (ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने न्यायचा ऑनलाइन कागद.) पात्रांवांना फोन लावला, तर ते फोंड्याला नाटकाला बसलेले, मोबाइल बंद. धाकटा विमानात. पुण्याच्या पोराने उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तांत्रिकदृष्ट्या सिस्टिम बरोबर वागतेय." मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी खणातून जुनं गेट रजिस्टर काढलं. टाकायचं म्हणून सांगितलं होतं, टाकलं नव्हतं; तुम्हीही टाकलं नसतं. छत्री वॉचमनने धरली, पान माझ्या पोटाशी धरलं आणि चार दिवसांनी पहिल्यांदा सही केली. लाट आणि ठिपका. ठिपका बहुधा पावसाचाच असेल. गेट उघडलं. नव्वद खोके भिजले होते, बाकीचे वाचले. टेम्पोवाल्याला चहा दिला, ती चिठ्ठी भिंतीवर शाबूत होती.

आता कारखान्यात तीन कारभार चालतात. एक सिस्टिममध्ये, एक वहिनींच्या एक्सेलमध्ये आणि एक माझ्या खणात. तिन्ही महिनाअखेरीला जुळवायचे असतात. तीन कागद जुळवायचं काम पुन्हा निघालं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

टेम्पोचा किस्सा ऐकून सल्लागाराने सुधारणा मात्र केली. तिसरं बटण दिलं, पिवळं. त्यावर देवनागरीत 'पळोवया' असंच लिहिलं. सोबत एक मेखही मारली: पिवळं दाबून चोवीस तासांत काही ठरवलं नाही, तर त्या माणसाच्या वरिष्ठाला आपोआप तक्रारीचा मेल जाणार. कल्पना चांगली होती. फक्त पात्रांवांच्या वरिष्ठाच्या रकान्यात नाव घातल्याशिवाय सिस्टिम पुढे जाईना, तेव्हा कुणीतरी तिथेही पात्रांवांचंच नाव घातलं.

परवा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चष्मा नाकाच्या टोकावर, म्हणजे ना कपाळावर ना डोळ्यांवर. अशी जागा मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

"अरे, रोज सकाळी मला कोण तरी मेल पाठवतो. तुमच्या हाताखालचा माणूस निर्णय घेत नाही, त्याला समज द्या म्हणून. कोण रे हा माणूस?"

"तुम्हीच, पात्रांव."

"आणि मेल कुणाला येतो?"

"तुम्हालाच."

ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"समज द्यायची म्हणतोस?" म्हणाले. "पळोवया."